सीमा घराच्या आतूनच जाते

विज्ञानशिक्षणावर संशोधन करायचं असेल, तर ग्लेन एकेनहेड यांची ‘सीमा ओलांडणं’ ही कल्पना तुमच्या वाचनात येणारच. 1996 साली त्यांनी मांडलं, की मुलांना घरच्या संस्कृतीतून विज्ञानाच्या संस्कृतीत जाताना एक सीमा ओलांडावी लागते. कल्पना मोलाची आहे. विज्ञान न जमणाऱ्या मुलाला ती ‘ढ’ ठरवत नाही. पण रायगडच्या किनाऱ्यावर ती जशीच्या तशी लावू नका.

कोळीवाड्यातल्या एकाच घरात दोन गोष्टी नांदतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो, ही श्रद्धा. खरं तर मोसमी वारे त्या सुमारास ओसरू लागतातच. दुसरा भरतीचा हिशोब: तिथीला पाऊणने गुणा. म्हणजे अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमारास. हा चुकला तर होडी चिखलात रुतते, त्यामुळे तो रोज तपासला जातो. भरती रोज सरासरी 50 मिनिटं पुढे सरकते, हिशोब मात्र 45 धरतो. पौर्णिमेपर्यंत किती फरक पडेल? वर्गात विचारावा असाच प्रश्न आहे हा!

म्हणजे इथे सीमा फक्त घर आणि शाळेच्या मधे नाही. प्रश्नावलीत या दोन्ही गोष्टी ‘पारंपरिक समजुती’ या एकाच रकान्यात टाकल्यात, तर भरतीची वेळ सांगणारी मुलगीही अंधश्रद्धाळू ठरेल. तेव्हा प्रत्येक विधानापुढे आधी विचारा: हे चुकलं, तर घरच्यांना कळतं का?