कम्युनिटी कॉलेजातील समाजशास्त्र-प्रवेश : एका पाठ्यपुस्तकाचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांचे शिक्षण देणारी, अल्प शुल्काची आणि प्रवेशासाठी फारशा अटी न घालणारी संस्था होय. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेले ज्युनिअर कॉलेज हे आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक संस्थांपैकी सर्वांत जुने मानले जाते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ केली आणि उच्च शिक्षणाचे दार सामान्यांना खुले करण्याची जबाबदारी या संस्थांवर सोपविली. नोकरी सांभाळून शिकणारे, घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे, स्थलांतरित कुटुंबांतील आणि वयाने प्रौढ असे विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत समाजशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम हा या विषयाशी होणारा पहिला आणि अखेरचा परिचय असतो. म्हणूनच या वर्गात वाचल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाची चिकित्सा आवश्यक ठरते.

पाठ्यपुस्तकाचे स्वरूप

ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' या उपक्रमाने २०१२ साली 'इंट्रोडक्शन टू सोशिऑलॉजी' हे पाठ्यपुस्तक संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले. २०२१ साली त्याची तिसरी आवृत्ती आली. महागड्या व्यावसायिक पाठ्यपुस्तकांच्या तुलनेत या ग्रंथाने विद्यार्थ्यांवरील भार हलका केला, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय. एकवीस प्रकरणांत संस्कृती, सामाजीकरण, स्तरीकरण, वंश, लिंगभाव, कुटुंब, धर्म, शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक चळवळी असा विस्तृत पट त्यात मांडला आहे. भाषा सुबोध आहे, उदाहरणे दैनंदिन जीवनातील आहेत.

ग्रंथाची रचना मुख्यतः तीन सैद्धांतिक दृष्टिकोनांवर उभी आहे : प्रकार्यवाद, संघर्ष सिद्धांत आणि प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. नवख्या विद्यार्थ्याला ही त्रयी सोयीची वाटते. परंतु प्रकरणामागून प्रकरणात तीच त्रयी येऊ लागली की सिद्धांत हे तीन रंगांचे चष्मे बनतात. कोणताही घालावा, कोणताही उतरवावा. त्यांच्यातील वाद कशासाठी झाला आणि कोणत्या पुराव्यावर कोणाचे म्हणणे टिकले, हा प्रश्न मागे पडतो. परीक्षेत पर्यायांपैकी योग्य नाव निवडता आले की अध्ययन पूर्ण झाले असे मानले जाते. सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली वैयक्तिक अडचणी आणि सार्वजनिक प्रश्न यांच्यातील नाते ओळखणाऱ्या ज्या समाजशास्त्रीय कल्पनाशक्तीचा पुरस्कार केला, ती पहिल्या प्रकरणात व्याख्या म्हणून येते. पद्धती म्हणून ती पुढे क्वचितच वापरली जाते.

वर्गखोलीचे समाजशास्त्र

ही उणीव सर्वाधिक जाणवते ती शिक्षणविषयक प्रकरणात. छुपा अभ्यासक्रम, सांस्कृतिक भांडवल, प्रमाणपत्रांचे वाढते महत्त्व या संकल्पना तेथे आहेत. मात्र ज्या वर्गखोलीत हे प्रकरण वाचले जाते, तीच समाजशास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे, याचे भान त्यातून पुरेसे जागे होत नाही.

बर्टन क्लार्क यांनी १९६० साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील अशा एका महाविद्यालयाच्या अभ्यासातून 'थंड करण्याचे कार्य' ही संकल्पना मांडली. सर्वांना प्रवेश देणारी संस्था पुढे चाचण्या, समुपदेशन आणि पर्यायी अभ्यासक्रम यांच्या मार्गाने अनेकांच्या आकांक्षा हळुवारपणे खाली आणते. विद्यार्थी अपयश स्वतःचे मानतो आणि व्यवस्थेला दोष लागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही संज्ञा त्यांनी अर्विंग गॉफमन यांच्या १९५२ च्या एका निबंधावरून घेतली. फसविल्या गेलेल्या माणसाला ठकांचा साथीदार कसा शांत करतो, हे त्या निबंधाचे सूत्र होते. पुढे स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी 'द डायव्हर्टेड ड्रीम' (१९८९) या ग्रंथात व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळलेल्या या संस्थांचा इतिहास तपासला.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्यांना चार वर्षांची पदवी हवी असते. प्रत्यक्षात साधारण एक-तृतीयांशच विद्यार्थी विद्यापीठीय शिक्षणाकडे जाऊ शकतात आणि पदवी हाती पडणारे त्याहूनही कमी. शिकविणारे बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ असतात. दिवसपाळी संपवून संध्याकाळच्या तासिकेला बसलेल्या विद्यार्थिनीला क्लार्क यांचा युक्तिवाद कळला, तर मागे पडण्याची कारणे ती केवळ स्वतःच्या कुवतीत शोधणार नाही. अर्थात हे ज्ञान निराशही करू शकते. परंतु ती शक्यता टाळण्यासाठी विषयच बोथट करणे हा उपाय नव्हे.

जात, वर्ग आणि एक विसरलेला निबंध

सामाजिक स्तरीकरणाच्या प्रकरणात जात ही बंद व्यवस्था आणि वर्ग ही खुली व्यवस्था अशी विभागणी आढळते. भारतातील जात तेथे बंद व्यवस्थेचे ठळक उदाहरण म्हणून येते. अंतर्विवाह जातीकडे आणि बहिर्विवाहाची मुभा वर्गाकडे अशी वाटणी होते. मराठी वाचकाला येथे एक निबंध आठवणे स्वाभाविक आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. अंतर्विवाहाच्या बंधनाने कोंडून घेतलेला वर्ग म्हणजे जात, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या दृष्टीने जात आणि वर्ग हे एका प्रक्रियेचे टप्पे होते.

या मांडणीचा आधार घेतला असता, तर अमेरिकन विद्यार्थ्यापुढे अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहिला असता : खुला म्हणविला जाणारा वर्ग विवाह, वस्ती आणि शाळा यांच्या मार्गाने आपली दारे कशी लावून घेतो? जात दूर देशाची आणि वर्ग आपला, ही विभागणी त्याला या प्रश्नापासून सुरक्षित ठेवते. अमेरिकेतच मांडलेला हा विचार अमेरिकेतील प्रास्ताविक अध्यापनात मध्यवर्ती ठरू नये, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

फ्लोरिडातील निर्णय

जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या राज्य शिक्षण मंडळाने २८ राज्य महाविद्यालयांच्या आणि त्यानंतर काही दिवसांतच तेथील विद्यापीठांच्या नियामक मंडळाने १२ सार्वजनिक विद्यापीठांच्या सामान्य शिक्षणाच्या गाभ्यातून 'समाजशास्त्राची तत्त्वे' हा अभ्यासक्रम वगळला. अमेरिकेच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रम त्या जागी आला. समाजशास्त्र ऐच्छिक म्हणून शिकता येते. परंतु ही २८ महाविद्यालये मूळची कम्युनिटी कॉलेजच होत, आणि वेळ व पैसा मोजून खर्च करणारा तेथील विद्यार्थी गाभ्याबाहेरचा विषय सहसा घेत नाही. समाजशास्त्र हे विचारप्रणालीचे वाहन झाले आहे, असा आक्षेप निर्णयकर्त्यांनी घेतला होता. सौम्यतेने विषय वाचतो, हा समज येथे खोटा ठरला. विषयाचे समर्थन त्याच्या पद्धतीतून आणि पुराव्यातून करावे लागते. संज्ञांची यादी ते करू शकत नाही.

समारोप

प्रस्तुत पाठ्यपुस्तक विनामूल्य आहे, व्यापक आहे आणि प्रामाणिक हेतूने लिहिलेले आहे. त्याची मर्यादा अशी की ते विद्यार्थ्याला समाजाची माहिती देते, परंतु समाजातील त्याचे स्थान त्याच्याकडून तपासून घेत नाही. त्याच्या मुक्त परवान्यामुळे अध्यापकाला मजकुरात भर घालण्याची मुभा आहे. क्लार्क यांची संकल्पना, आंबेडकरांचा निबंध आणि स्वतःच्या महाविद्यालयाची आकडेवारी एवढी भर घातली, तरी तेच पुस्तक निराळे वाचले जाईल. व्याख्या, वैशिष्ट्ये आणि प्रकार यांच्या टिपणांवर चालणारा मराठी माध्यमाचा प्रथम वर्षाचा वर्गही या प्रश्नापासून फार दूर नाही. समोर बसलेला विद्यार्थी येथपर्यंत कसा पोहोचला आणि पुढे कोठे अडणार आहे, हे त्याला स्वतःला कळणे, ही समाजशास्त्राच्या पहिल्या पुस्तकाची खरी कसोटी होय.