न्यायमंदिराची पारख

न्यायालयाच्या इमारतीची परीक्षा करताना आपले टीकाकार बहुधा तिच्या दर्शनी भागापाशीच थबकतात. कमानी कोणत्या धाटणीच्या, दगड कोठला, मनोरे किती, एवढे नोंदले की त्यांची लेखणी तृप्त होते. मुंबईचे हायकोर्टच घ्या. कर्नल फुलर यांनी गॉथिक पद्धतीवर आखलेली ही भव्य वास्तू १८७८ साली पुरी झाली. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. परंतु १९०८ च्या जुलैत तेथेच लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली. दया माथ्यावरच राहिली. दालनात काही ती उतरली नाही!

सोलापूरने हाच मुद्दा अधिक कठोरपणे मांडला. गांधीजींच्या अटकेनंतर, ८ मे १९३० रोजी, प्रक्षुब्ध जमावाने तेथील कोर्टाच्या इमारतीस आग लावली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस येरवड्यास फाशी देण्यात आले. जाळपोळीचे समर्थन आम्हांस कर्तव्य नाही. पण लोकांनी पोलीसचौकी व न्यायालय यांस एकाच माळेचे मणी का मानावे, हा प्रश्न वास्तुकलेच्या मीमांसकासही टाळता येणार नाही.

याचे उत्तर दगडात नाही. जुन्या काळी गावची गोतसभा देवळात वा चावडीवर बसे. तिच्यातही जातीपातीचे दोष होते, तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु तेथील निवाडा मराठीत होई आणि तो चारचौघांस समजे. नव्या न्यायालयाने उंच आसन दिले, नियम दिला, आणि पक्षकारास मात्र स्वतःच्या खटल्यात परका करून सोडले.

तेव्हा सौंदर्य नको, असा याचा अर्थ नव्हे. प्रतिष्ठित वास्तूने दुर्बळास धीर येतो. मात्र मंगळवेढ्याहून आलेल्या शेतकऱ्यास ओसरीत सावली, प्यावयास पाणी आणि निकालाची भाषा कळण्याची सोय नसेल, तर ती प्रतिष्ठा वकिलांपुरतीच उरते. १९९८ साली महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो, आणि ते बसते एका जुन्या, डागडुजी केलेल्या न्यायालयीन इमारतीत. जुने दगड नव्याने उपयोगी पडले, ही गोष्ट आनंदाची आहे. त्या दगडांची खरी किंमत मात्र पायरी चढणारा पक्षकारच ठरवील.