भुरट्यांची फजिती आणि आपलं हसू

रोममधला एक रिकामा फ्लॅट. त्याची एक भिंत फोडली की शेजारच्या गहाणखान्यातली तिजोरी हाताशी, असा बेत. चोरमंडळी रात्रभर खपतात, भिंत पाडतात, आणि पलीकडे निघतं त्याच फ्लॅटचं स्वयंपाकघर. घरातलं सामान इकडचं तिकडे झालं होतं, म्हणून भिंत चुकली. दमलेले चोर तिथेच बसून हरभरे घातलेला पास्ता खातात आणि पहाटे रिकाम्या हातांनी पांगतात. मारिओ मोनिचेल्ली यांच्या १९५८च्या ‘इ सोलिती इन्योती’ या इटालियन चित्रपटात हे घडतं. त्यानंतर जगभर धांदरट चोरांच्या ज्या काही कॉमेड्या निघाल्या, त्यांतल्या बहुतेकींचं मूळ या स्वयंपाकघरात आहे.

मोनिचेल्लींच्या डोळ्यांसमोर होता ‘रिफिफी’. ज्यूल्स दासँ यांच्या १९५५च्या या फ्रेंच चित्रपटात सुमारे अर्धा तास एकही संवाद नाही, संगीत नाही. नुसती चोरी चालू आहे. तिथले चोर कसबी कारागीर आहेत. मोनिचेल्लींनी कसब काढून घेतलं आणि गरज तेवढी ठेवली. त्यांचा एक गडी पडेल मुष्टियोद्धा. दुसरा फोटोग्राफर, पण कॅमेरा गहाण पडलेला, बायको तुरुंगात आणि तान्हं मूल काखेत. तिजोरी कशी फोडायची याचे धडे द्यायला तोतो हा इटलीचा लाडका विनोदवीर येतो, फी घेतो आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळी अंग काढून घेतो. आणखी एक प्रसंग विसरता येत नाही. टोळीतून बाहेर पडलेला कोझिमो पिस्तूल घेऊन एकटाच गहाणखान्यात शिरतो आणि खिडकीतून ते कारकुनापुढे धरतो. कारकून पिस्तूल हातात घेतो, उलटंसुलटं करून पाहतो आणि त्यावर किती कर्ज मिळेल ते सांगतो. गहाणखान्यात पिस्तूल घेऊन येणारा माणूस ते गहाण ठेवायलाच आला असणार, असं त्या कारकुनाला वाटतं, यात त्या काळच्या रोमचं सगळं अर्थशास्त्र आलं.

याच कोझिमोला पुढे पर्स हिसकावून पळताना ट्रामखाली मरण येतं. आजच्या कुठल्याही निर्मात्याने ‘कॉमेडीत हे कशाला?’ म्हणून तो प्रसंग पटकथेतूनच उडवला असता. माझं म्हणणं नेमकं इथेच सुरू होतं. भुरट्यांच्या कॉमेडीला दोन गोष्टी खऱ्या लागतात: रिकामा खिसा आणि जिवाची भीती. विनोद त्या दोहोंच्या मध्ये पिकतो. खिसा खोटा वाटला की चोरी हा पोरखेळ होतो, आणि भीती खोटी वाटली की फजितीला वजन उरत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या अशा चित्रपटांतून या दोन्ही गोष्टी हळूहळू निसटत चालल्या आहेत.

इंग्रजांनी हे गणित मोनिचेल्लींच्या आधीच मांडलं होतं. इलिंग स्टुडिओच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये (१९५१) ॲलेक गिनेस हा बँकेचा गरीब गाय वाटणारा कारकून सोनं वितळवून त्याचे आयफेल टॉवरच्या आकाराचे पेपरवेट बनवतो. युद्ध संपून सहा वर्षं झाली तरी रेशनकार्डावर जगणारा प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहिला नसता तरच नवल. अमेरिकेने मात्र धांदरटपणा वरच्या थरावर नेला. तिथे खुद्द डॉन विनोदी झाला. ‘ॲनलाइझ धिस’मध्ये (१९९९) रॉबर्ट डी नीरो हा माफिया बॉस मानसोपचारतज्ज्ञापुढे रडतो. गंमत येते, पण ती डी नीरोच्या जुन्या भूमिकांच्या उसनवारीवर. प्रेक्षक त्या माणसाला हसत नाही, नटाच्या प्रतिमेला हसतो. कोएन बंधूंचा ‘फार्गो’ (१९९६) तेवढा वेगळा. त्यातल्या अपहरणकर्त्यांच्या मूर्खपणाला आपण हसतो खरे, पण तोच मूर्खपणा माणसं मारत सुटतो तेव्हा हसू घशातच अडकतं.

आपल्याकडे ही परंपरा केरळमधून आली, हे मराठी प्रेक्षक सहसा लक्षात ठेवत नाही. कोचीच्या ‘कलाभवन’ या मिमिक्री संस्थेतून आलेले सिद्दिक आणि लाल हे दोन मित्र फाझिल यांच्या हाताखाली शिकले आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘रामजी राव स्पीकिंग’ हा पहिला चित्रपट केला. शिकून बेकार राहिलेली पोरं, डबघाईला आलेल्या नाटक कंपनीचा म्हातारा मालक, आणि चुकीच्या नंबरावर आलेला खंडणीचा फोन. मुलगी पळवलीय कुणाची आणि फोन आलाय कुणाला! ही पोरं आणि तो म्हातारा मग मधले दलाल होतात. त्या वेळच्या केरळात पदवी हातात घेऊन नोकरीची वाट पाहत बसलेला तरुण घरोघरी होता. त्यामुळे ‘आपण त्या जागी असतो तर?’ हा प्रश्न तिथल्या प्रेक्षकाला फारसा काल्पनिक वाटला नसावा.

प्रियदर्शन यांनी २००० साली त्याचा ‘हेरा फेरी’ केला. इथे मराठी माणसाचा थेट संबंध येतो, कारण नाटक कंपनीचा मालक जाऊन त्या जागी गॅरेजवाला बाबूराव गणपतराव आपटे आला. जाड भिंगाचा चष्मा, वर खोचलेलं धोतर, कर्ज आणि कुरकूर. परेश रावल यांनी त्याला चालण्याची, वाकून पाहण्याची, फोन उचलण्याची जी लकब दिली, ती नुसत्या विनोदी नटाची नाही. कर्जात बुडालेल्या माणसाकडे रोज पाहिलेल्या नटाची आहे. आपटे हे आडनाव आणि तो अवतार यांची सांगड कुठल्याही पुणेकराला खटकेल, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ज्यांच्या नावावर हा विनोद झाला, त्यांनीच तो आपला म्हणून उचलला.

मला मात्र त्या चित्रपटात बाबूरावापेक्षा सुनील शेट्टीचा श्याम महत्त्वाचा वाटतो. बँकेच्या आगीत वडील गेले, त्यांच्या जागी मिळायची नोकरी दुसऱ्याच मुलीला मिळाली, आणि हा बँकेच्या पायऱ्या झिजवतोय. ती मुलगीही गरजूच. तिच्या घरी मानसिक आजाराने खचलेली आई. चित्रपटाचा पहिला भाग या रडगाण्यात जातो आणि तो संथ आहे अशी तक्रार तेव्हाही झाली होती. पण तोच भाग काढला तर दुसऱ्या भागातला फोन निव्वळ गोंधळ ठरेल. पहिल्या भागात बाबूराव, श्याम आणि त्यांचा तिसरा साथीदार राजू या तिघांचे खिसे इतके नीट झटकून दाखवले आहेत म्हणूनच खंडणीचा आकडा वाढवताना राजूची जीभ अडखळते आणि आपण हसून लोळतो.

२००६च्या ‘फिर हेरा फेरी’त नेमकी हीच खुंटी निघाली. तिघं श्रीमंत झालेले, मग पैसे दुप्पट करण्याच्या नादात बुडालेले. चित्रपट गल्ल्यावर चालला. पण आता भीतीसुद्धा आरडाओरड्यात बदलली होती. त्यातले सुटे तुकडे लोक आजही पाहतात, अख्खा चित्रपट सलग पाहणारे कमी. २०२५ मध्ये परेश रावल तिसऱ्या भागातून बाहेर पडल्याची बातमी आली तेव्हा लोक घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळले. पुढे ते परतले. प्रेक्षकाचं प्रेम आता कथेवर उरलेलं नाही, एका चष्म्यावर आहे, हे त्यातून दिसलं.

प्रेक्षकांच्या वागण्याचं एक कोडं या प्रकारात वारंवार दिसतं. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये आला तेव्हा पडला. आमिर, सलमान हे दोघे नावाजलेले नायक दोन आळशी, खोटारडे, श्रीमंत मुलीवर डोळा ठेवून बसलेले लफंगे झाले होते. खलनायक तेजाच्या टोळीतला रॉबर्ट म्हणजे आपले विजू खोटे. खलनायकही इतके बावळट की त्यांना बघून कुणी घाबरावं तरी कसं? थिएटरात तिकीट काढणाऱ्याने नायक विकत घेतला होता आणि पडद्यावर त्याला नायकाची टिंगल मिळाली. मग व्हिडिओ कॅसेट आणि केबलवर तोच चित्रपट लोकांनी पाठ केला, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला. ‘हेरा फेरी’ही पहिल्या दिवसापासून धो धो चालला नव्हता. भुरट्याची ओळख पटायला वेळ लागतो, असं मला वाटतं. घरी, बनियनवर, जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन पाहताना आपण आपल्या ऐपतीच्या जास्त जवळ असतो. थिएटरात मात्र थोडे नटून गेलेलो असतो. मल्टिप्लेक्सच्या दराने तिकीट काढलेला प्रेक्षक तर भुरट्याकडे जरा वरूनच बघतो, आणि वरून बघताना येणारं हसू वेगळं असतं.

राजकुमार हिरानींच्या मुन्नाने (२००३) या अडचणीवर उपाय काढला. गुंडाला निर्मळ मनाचा केला, त्याच्या हातून डॉक्टरांना माणुसकी शिकवली, पुढच्या भागात गांधीजी भेटवले. चित्रपट गोडच आहेत, मुन्नाचा साथीदार सर्किट याची निष्ठा अजून हसवते. पण त्या गोडव्यामुळे मुंबईचा भाई निरुपद्रवी झाला, आणि नंतरच्या कित्येक लेखकांनी भाईचा गोडवा तेवढा उचलला.

मराठी चित्रपटाने या वाटेने फारसा प्रवासच केला नाही, याचं आश्चर्य वाटायला हवं. अख्खी मुंबई हाताशी असताना! एक कारण परंपरेत आहे. आपल्या वगनाट्याची खोडी राजा, प्रधान, कोतवाल यांच्याशी. चोराची तिथे गरजच नाही, कारण कोतवालच पुरेसा आहे. ‘विच्छा माझी पुरी करा’पासून दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’पर्यंत (१९७५) हसू वर्दीवर आहे, आणि अशोक सराफ लोकांच्या नजरेत भरले तेही त्या चित्रपटातल्या लाचखाऊ सखाराम हवालदारामुळे. पुढे आलेल्या मध्यमवर्गी विनोदाने लबाडी केली ती भाड्याच्या खोलीसाठी. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) चोरी नाही, साडी नेसून मारलेली थाप आहे. आणि ‘झपाटलेला’त (१९९३) गुंडाचा आत्मा बाहुल्यात गेला, म्हणजे गुन्हेगार थेट भुताखेतांच्या प्रांतात पोहोचला.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या कित्येक घरांतला एखादा मुलगा टोळीकडे वळला. मराठी लेखकाने तो शेजारी म्हणून पाहिला होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये तो घरातच आहे. पुढे त्याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ (२०१०) केला. शेजारच्या मुलावर फार्स लिहायला हात धजत नाही, हे समजू शकतं. पण मोनिचेल्लींचे भुरटेही शेजारचेच होते. दया आणि थट्टा एकाच वेळी करता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

तमिळमध्ये तसं झालंही. नलन कुमारसामी यांच्या ‘सूदु कव्वुम’मध्ये (२०१३) विजय सेतुपतीचा दास अपहरणाचे पाच नियम ठरवून धंदा करतो: मोठ्या माणसांच्या वाटेला जायचं नाही, रक्कम परवडेल एवढीच मागायची. बरोबर तीन बेकार पोरं. त्यातल्या एकाने नयनताराचं देऊळ बांधलेलं. मग हे लोक नियम मोडून प्रामाणिक मंत्र्याच्या मुलाला उचलतात, आणि तो मुलगा यांच्यापेक्षा कितीतरी पोचलेला निघतो. शेवटी मंत्रिपद त्यालाच मिळतं. भुरटे भुरटेच राहतात आणि खरा चोर खुर्चीत बसतो. एवढा कडवट शेवट करून लोकांना हसत घरी पाठवणं सोपं नाही.

हिंदीत अलीकडे दोन चित्रपटांनी आशा लावली. राजेश कृष्णन यांचा ‘लूटकेस’ (२०२०) टाळेबंदीत थेट ओटीटीवर आला. छापखान्यात काम करणाऱ्या नंदनला नोटांनी भरलेली बॅग सापडते, आणि तिच्यामागे आमदार, इन्स्पेक्टर व एक डॉन लागतो. विजय राज यांचा तो डॉन प्राण्यांवरच्या वाहिनीचा भक्त. जंगलाचे दाखले देत देत माणसांना धमकावतो. हसतानाही त्याची भीती वाटते, हे विशेष. चाळीतल्या संसाराची तंगी खरी, त्यामुळे बॅगेचं वजनही खरं. हा चित्रपट भरलेल्या थिएटरात बघायला मिळाला नाही, हे त्याचं आणि आपलंही नुकसान.

दुसरा, कुणाल खेमूने दिग्दर्शित केलेला ‘मडगाव एक्स्प्रेस’ (२०२४). गोव्याला निघालेले तीन मित्र, बदललेली बॅग, कोकेन, दोन टोळ्या. उपेंद्र लिमये यांचा मेंडोझा दणदणीत आहे, आणि छाया कदम यांची कंचन कोंबडी तर अख्ख्या चित्रपटाला पुरून उरते. मासेवाल्या बायकांची फौज घेऊन ती येते तेव्हा पडदा जिवंत होतो. पण नायकांना चोरीची गरजच नाही. त्यांना फक्त सहलीला जायचं होतं. अपघाताने गुन्ह्यात पडलेल्या पर्यटकांना आपण हसतो आणि विसरतो. गोव्याची माणसंही दोन टोळ्यांपुरतीच दिसतात. त्यांचं रोजचं पोट कशावर चालतं, याची चौकशी चित्रपट करत नाही. कंचन कोंबडी या धंद्यात कशी आली, हा एक स्वतंत्र चित्रपट आहे आणि तो मराठीत किंवा कोंकणीत व्हायला हवा.

मराठीत आज नट आहेत, बोली आहेत, आणि हप्ते थकलेले डिलिव्हरीवाले, बुडालेल्या पतपेढीचे ठेवीदार, ऑनलाइन ॲपच्या कर्जात अडकलेली पोरंही आहेत. निर्मात्यांनी स्टँड-अपवाल्यांकडून पंच विकत घेण्याआधी यांपैकी कुणाचा तरी महिन्याचा हिशेब मागून बघावा.