‘सुदाम्याचे पोहे’मधील उपरोध : निवेदकाचा मुखवटा

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ (१९१०) या संग्रहाचा विचार होतो तो बहुधा कोट्या व अतिशयोक्ती यांच्या अंगाने. यांतील कित्येक कोट्या आज वर्गात उलगडून सांगाव्या लागतात. आणि उलगडलेली कोटी हसवीत नाही. तरीही या लेखांतील उपरोध बोथट झालेला नाही. याचे कारण निवेदकाच्या योजनेत आहे. लेखक सुधारक मताचा. सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या ही त्रयी मात्र रूढींच्या छायेत वावरणारी. सुदामा रूढीचे समर्थन करू लागतो, आणि कारणे वाढत जातात तसतसा तिचा पाया ढासळतो. व्याजस्तुती हा जुना अलंकार येथे वाक्यापुरता न राहता लेखाची रचनाच बनतो. शिवाय उपहासाचा पहिला विषय सुदामा स्वतःच असल्याने वाचकाला दुखावल्याची तक्रार करण्यास जागा उरत नाही. पुढे गडकऱ्यांच्या बाळकरामाने आणि चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने हा मुखवटा आपापल्या परीने वापरला. चिमणरावापर्यंत येताना उपरोध मावळून जिव्हाळा वाढला. हा विकास मानला जातो. पण त्यात विनोदाची रूढीला भिडण्याची ताकद उणावली, हेही नोंदविले पाहिजे.