मुंबई हाय दुर्घटना आणि नियंत्रणाची स्वायत्तता : एक चिकित्सा

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर क्षेत्रात जखमी कर्मचाऱ्यास प्लॅटफॉर्मवर पोहोचविण्यासाठी आलेले ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज राइझरवर आदळले. वायुगळती होऊन आग भडकली, सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. या घटनेची चर्चा बहुधा खवळलेला समुद्र व जहाजचालकाची चूक यांभोवतीच फिरते. ही मांडणी अपुरी वाटते. वायुवाहक नलिका जहाजाच्या टप्प्यात उघडी का राहिली, हा प्रश्न रचनेचा आणि ती तपासणाऱ्या यंत्रणेचा आहे.

उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ दुर्घटनेत १९८८ साली १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालानंतर ब्रिटनमध्ये सुरक्षेचे नियंत्रण ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे देण्यात आले. आपल्याकडे २००८ साली सागरी तेलकामांसाठी सुरक्षा नियम आले खरे. परंतु त्यांची अंमलबजावणी पाहणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत राहिले. ओएनजीसीही त्याच मंत्रालयाची. उत्पादनाचा आग्रह धरणाऱ्यानेच धोक्याची मोजणी करावी, ही व्यवस्था नियमांच्या संख्येने सुधारत नाही. (निर्णय एकाचा आणि झळ दुसऱ्याला, ही विभागणी सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांना नवी नाही.)

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाची पूर्वसूचना असतानाही ‘पी-३०५’ बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिले. ते व ‘वरप्रदा’ ही टग बुडून ८६ जण दगावले. बार्जवरील बहुसंख्य कामगार कंत्राटी होते.