‘एकट्याने’ केले तर दोन गुण : एका प्रश्नावलीची चिकित्सा

मेंदूला दुखापत झालेला माणूस दवाखान्यातून घरी आला, चालू-बोलू लागला, म्हणजे तो समाजात परतला काय? याचे उत्तर आकड्यांत देता यावे म्हणून बॅरी विलर व सहकाऱ्यांची ‘कम्युनिटी इंटिग्रेशन क्वेश्चनेअर’ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. प्रश्न १५, एकूण गुण २९ : घरातील सहभागास १०, सामाजिक संबंधांस १२, काम-शिक्षण व बाहेर जाण्या-येण्यास ७. ती सुटसुटीत आहे, म्हणूनच फार वापरली गेली. अशा प्रश्नावल्यांचे मराठी-उर्दू रूप करण्याचे काम भाषेच्या शिक्षकांकडे येते तेव्हा शब्दांपेक्षा गुणदानच अधिक अडते.

स्वयंपाक कोण करते? एकट्याने केल्यास २ गुण, दुसऱ्याबरोबर केल्यास १, दुसऱ्यानेच केल्यास शून्य. आता एकत्र कुटुंबातील स्त्री घ्या. दुखापतीपूर्वी ती जावेबरोबरच भाकरी थापत होती, आजही थापते. तिचे काहीच गमावलेले नाही, तरी तिला निम्मेच गुण. तिच्या दिराने आयुष्यात चूल पेटवलेली नाही; उद्या त्याला दुखापत झाली तर त्याच्या शून्यातून दुखापतीविषयी काय कळणार? फुरसतीचा वेळ मुख्यतः कुटुंबात घालवणाऱ्यास १ आणि दुखापत नसलेल्या मित्रांत घालवणाऱ्यास २, हाही हिशेब तसाच. मोजला जातो तो स्वावलंबनाचा एक विशिष्ट आदर्श. नाव मात्र समाजसहभागाचे. मराठीत ‘सहभाग’ म्हणा की उर्दूत ‘शिरकत’, दोन्ही शब्दांत दुसरा माणूस आधीच बसलेला आहे. ऑस्ट्रेलियातील सुधारित आवृत्तीत इंटरनेटवरील संपर्काचे प्रश्न वाढले, घरकामाची गुणपद्धती तीच राहिली.

कॅनडातील मेरी ॲन मॅककॉल व सहकाऱ्यांचे २००१ चे ‘कम्युनिटी इंटिग्रेशन मेझर’ मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यात १० विधाने असून गुण १० ते ५०. दुखापतग्रस्तांनी स्वतः जे सांगितले त्यावरून ती रचली आहेत : येथे आपल्याला स्वीकारले जाते का, ओळखीचे लोक दुवा-सलाम करतात का, दिवसभर उपयोगी असे काही हाती असते का. कोणी किती वेळा बाजारात गेले याची मोजदाद नाही.

तथापि येथेही सावध राहावे लागेल. मेंदूच्या काही दुखापतींत स्वतःच्या उणिवांची जाणीवच मंदावते. असा रुग्ण सर्व ठीक आहे असे मनापासून सांगेल. शिवाय थोरला भाऊ शेजारी बसलेला असताना ‘घरात मला आपले मानत नाहीत’ असे कोण म्हणेल? नातेवाइकांची उत्तरे वेगळी घ्यावीत हे खरे. पण आपलेपणाची भावना नातेवाइकाने कशी सांगावी?

भाषांतरकाराने मूळ गुणपद्धती परस्पर बदलू नये, नाहीतर तुलनाच संपते. परंतु प्रत्येक घरकामासमोर ‘दुखापतीपूर्वी हे कोण करीत असे?’ हा एक जादा रकाना ठेवता येतो. त्याला गुण देऊ नयेत. जावेबरोबर भाकरी थापणाऱ्या त्या बाईचा १ गुण तेव्हाही १ च होता, एवढे तरी त्या रकान्यातून दिसेल.