ताळा पाहावा करून

नवकवितेपासून सरकारी परिपत्रकापर्यंत जे जे दुर्बोध म्हणून मराठी माणसाच्या वाट्याला आलं, ते बहुतेक सगळं मी वाचलेलं आहे. परिपत्रकं तर पगार घेऊन वाचतो. तरीही हल्ली जे साहित्य माझ्या हाती लागलं, त्याच्यापुढे हे दोन्ही प्रकार म्हणजे बालवाङ्मय म्हणावं लागेल. एकंदर अक्षरं चौसष्ट. त्यात शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी बाराखडीची पहिली सहा मुळाक्षरं. स्वल्पविराम नाही, परिच्छेद नाही, अर्थ तर नाहीच. समीक्षक ज्याला ‘आशयघन’ म्हणतात ते हेच असावं, कारण सुमारे तीन जीबीचा ऐवज या एका ओळीच्या पोटात आहे असा तिचा दावा असतो. या कृतीचं नाव चेकसम. मराठीत तिचं परीक्षण कुणी केलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा हे धाडस बँकेतल्या कारकुनालाच करणं भाग आहे.

प्रसंग असा, की १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत डागडुजी थांबली, आणि ज्या जुन्या संगणकांना विंडोज ११ झेपत नाही त्यांच्या घरी लिनक्सचं नाव निघू लागलं. आमच्या घरी ते भाच्याने काढलं. “मामा, लिनक्स मिंट टाकू. फुकट आहे.” ‘फुकट’ हा शब्द ऐकला की बँकेतला माणूस आधी बारीक अक्षर शोधतो. ते मला सापडलं. उतरवून घ्यायचं बटण ठसठशीत होतं, आणि ‘उतरलेली प्रतिमा तपासून घ्या’ ही सूचना मात्र लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’सारखी तळाशी होती. ती पाळायची असते यावर कुणाचाच विश्वास नसतो.

“मामा, उतरलं की!” भाचा म्हणाला.

“उतरलं खरं, पण सगळं उतरलं का? आणि जे उतरलं ते तेच का?”

“तुम्ही बँकवाले ना, स्वतःच्या आईलासुद्धा केवायसी मागाल.”

(मागितलं आहे. खातं आमच्याच शाखेत आहे. नियम म्हणजे नियम.)

आता या कृतीच्या अंतरंगाकडे वळू. संगणक ती संपूर्ण फाइल एसएचए-२५६ नावाच्या एका गणिती जात्यातून दळतो आणि खाली चौसष्ट अक्षरं पडतात. गंमत अशी, की तीन जीबीमधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी निकालातले साधारण निम्मे बिट बदलतात. फाइलच्या कर्त्यांनी आपली चौसष्ट अक्षरं जाहीर केलेली असतात, आपण आपली काढायची आणि दोन्ही ताडून पाहायची. लिनक्सवर त्यासाठी ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा आहे, विंडोजवर ‘सर्टयुटिल’ आहे. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर फाइल पुसायची आणि दुसऱ्या सर्व्हरवरून पुन्हा आणायची. ‘थोडंसंच चुकलंय’ ही सवलत इथे नाही. आमच्या कॅशमध्येही नसते.

या शैलीचा आणखी एक विशेष सांगण्यासारखा आहे. ज्या फाइलमध्ये काहीही नाही, म्हणजे शून्य बाइट, तिचाही चेकसम पूर्ण चौसष्ट अक्षरांचाच निघतो. त्याची सुरुवात ‘ई३बी०सी४४२’ अशी होते. ती दिसली तर समजावं, की आपल्याकडे रिकामी फाइल आली आहे. आशय शून्य असताना पूर्ण लांबीचा मजकूर देणारे लेखक आपल्यालाही ठाऊक आहेत, पण त्यांची सुरुवात इतकी ओळखीची नसते.

वाचकहो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. शाळेत गुरुजींनी शिकवलेला नवाचा ताळा आठवा. ४७ गुणिले २३ बरोबर १०८१. सत्तेचाळीसच्या अंकांची बेरीज अकरा, म्हणजे दोन. तेविसाची पाच. दोन पंचे दहा, म्हणजे एक. आणि १०८१ची बेरीज दहा, म्हणजे एक. जुळला ताळा! पण हाच विद्यार्थी उत्तर १८०१ लिहून आला तरी ताळा जुळतो आणि मार जुळत नाही. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही. उलट आमच्या धंद्यात जुने लोक सांगत, की फरक नवाने भागला जातोय का बघ. ८१चे १८ लिहिले की फरक ६३चा येतो, म्हणजे कुणीतरी आकडे उलटे टाकलेत. एकाच नवाला शाळेत जी चूक दिसत नाही, ती बँकेत आधी दिसते.

प्रत्येक ताळ्याला असा एक आंधळा कोपरा असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांना १९६० साली ज्या पद्धतीचं पेटंट मिळालं, ती आजही क्रेडिट कार्डाचा शेवटचा आकडा ठरवते. एक आकडा चुकला तर ती हमखास पकडते, शेजारचे दोन उलटले तरी बहुधा पकडते. पण ०९चे ९० केले तर गप्प बसते. आपल्या आधारचा बारावा आकडा व्हरहॉफ यांच्या पद्धतीचा, तिला ही अदलाबदलही दिसते. पण हे सगळे ताळे चुकणाऱ्या माणसासाठी आहेत, फसवणाऱ्यासाठी नव्हेत. माझा खरा आक्षेप इथून सुरू होतो.

चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची असते. दोन्ही जुळतात म्हणून चेक खरा ठरत नाही. बनावट चेक लिहिणाऱ्यालाही अंकी-अक्षरी येतं. म्हणून बँक सही पाहते, आणि सहीचा नमुना आपल्याकडे ठेवते. ग्राहक चेकसोबत नमुनाही खिशातून काढून म्हणाला, ‘हा घ्या, यालाच जुळवा’, तर आम्ही त्याला चहा देऊ, पैसे देणार नाही. चेकसमच्या बाबतीत मात्र फाइल आणि ताळा पुष्कळदा एकाच पानावर, एकाच दुकानात मांडलेले असतात.

याचं काय होतं ते २० फेब्रुवारी २०१६ला दिसलं. त्या दिवशी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कुणीतरी मिंट १७.३च्या सिनेमन आवृत्तीचा दुवा बदलला, आणि मागलं दार ठेवलेली प्रतिमा लोकांच्या गळ्यात मारली. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमां लफेव्र यांनी दुसऱ्याच दिवशी ते जाहीर केलं, खरे चेकसम छापले, संकेतस्थळ बंद ठेवलं. हा प्रामाणिकपणा नोंदवण्यासारखा आहे. पण त्या वेळी आलेल्या बातमीनुसार, घुसखोराने पानावरचा चेकसमही बदलून आपल्या फाइलचा लावला होता. वर तो बातमीदाराला शिवी हासडून म्हणाला, की हे आकडे तपासतो तरी कोण?

यावर उपाय आहे, तो म्हणजे सही. चेकसमच्या यादीवर कर्ते आपल्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करतात आणि आपण ती जीपीजी नावाच्या कार्यक्रमाने तपासतो. पण या कार्यक्रमाचं गद्य वाचण्यासारखं आहे. आधी तो म्हणतो, ‘सही बरोबर आहे.’ आपण निःश्वास टाकतो. लगेच खाली म्हणतो, ‘सावधान, ही सही त्या माणसाचीच आहे याचा काही पुरावा नाही.’ असं वाक्य मी फक्त निवृत्तीला चार महिने उरलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकलं आहे. तरी ते खरंच आहे. किल्लीचा चाळीस अक्षरी ठसा आपण दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या ठिकाणाहून पडताळायचा असतो. एवढी एक ओळ लिहिली असती तर वाचक घाबरून पळाला नसता.

वाचकाचेही दोष सांगतो. आपण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून ‘जुळलं’ म्हणतो. आठ अक्षरं जुळवायला बनवेगिऱ्याला सुमारे ४३० कोटी प्रयत्न पुरतात आणि संगणकाला ते जड नाहीत. चौसष्टही जुळवायची तर जे शक्यतांचं गणित होतं तो आकडा अठ्ठ्याहत्तर अंकी आहे. तिथे आमच्या मुख्य कार्यालयाचीही कल्पनाशक्ती थकेल. दुसरं, जुन्या नावावर जाऊ नये. १९९२चा एमडी५ हा ताळा २००४ साली चिनी संशोधक वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोडला. एसएचए-१ची जाहीर शोभा २०१७ साली झाली. दोघेही निवृत्त, लाइनीत झालेला बिघाड ओळखायला ठीक, लबाडी ओळखायला नाही.

एकंदरीत, कृती उत्तम, संपादन गलथान. तपासणीची सूचना बटणाच्या वर हवी होती, सहीचं महत्त्व आधी आणि ताळ्याचं नंतर यायला हवं होतं. तरीही शिफारस करतो: वाचावी, आणि चौसष्टही अक्षरं वाचावीत. भाच्याने नाक मुरडत आज्ञा दिली, पडद्यावर ‘ओके’ उमटलं, मग सहीही जुळली. किल्लीचा ठसा मी त्याला दुसरीकडून मिळवून चार-चार अक्षरांनी मोठ्याने वाचायला लावला. कंटाळवाणं काम होतं. आमच्याकडे त्याला नोकरी म्हणतात.

राहता राहिला त्या घुसखोराचा प्रश्न, की हे आकडे तपासतो तरी कोण. कारकून तपासतात, बाबा.